साडूचा उजवा हात

सासऱ्यांच्या दिवाणखान्यात त्या रविवारी माणसं सहा होती, खुर्च्या पाच, त्यांतली बिनहाताची एक, आणि गिटारी दोन.

सगळा घोटाळा शेवटच्या दोन आकड्यांत होता. गिटार वाजवायला बिनहाताची खुर्ची लागते. हात असलेल्या खुर्चीत कोपर अडकतं, गिटार मांडीवरून घसरते आणि वाजवणारा माणूस दाढी करून घ्यायला बसल्यासारखा दिसतो. गेली बारा वर्षं त्या घरात गिटार एकच असायची, बिनहाताची खुर्चीही एकच, आणि दोन्हींवर थोरल्या जावयांचा निर्विवाद ताबा असायचा. आज त्या खुर्चीत नुकतंच लग्न झालेले धाकटे जावई बसले होते. थोरले दाराजवळच्या स्टुलावर होते, मांडीवर झाकलेली गिटार घेऊन, दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या माणसासारखे.

थोरले जावई लिफ्ट तपासनीस होते. सरकारी कचेरीतली नोकरी. गावातल्या इमारतींच्या लिफ्टी तपासायच्या, दोर बघायचे, दारं बघायची, ठरलेल्या वेगापेक्षा लिफ्ट जास्त पळत नाही ना ते मोजायचं आणि सही करायची. सासरी त्यांच्या या कामाबद्दल बारा वर्षांत एकच प्रश्न विचारला गेला होता. लिफ्ट अडकली तर काय करायचं? उत्तर ‘वाट बघायची’ असं होतं, त्यामुळे चर्चा पुढे गेली नव्हती. साडू एका जाहिरात कंपनीत काहीतरी करायचा. नक्की काय, ते घरात कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि तरी सगळे म्हणायचे, ‘फार छान काम आहे हो त्याचं.’

तर साडू वाजवत होता. निदान त्याने दुसरं काही तरी वाजवायचं! चांगली सुरावट वाजवायची, एकेक तार छेडायची. पण नाही, तोही रिदमच वाजवत होता. म्हणजे गाणाऱ्याच्या मागे बसून, सगळ्या तारांवर उजवा हात खाली-वर फिरवत ठेका धरायचा, हेच थोरल्यांचं बारा वर्षांचं काम. आणि तो ते अशा वेगाने करत होता की पंखा फुल्ल केल्यावर जशी पाती दिसत नाहीत, तसा त्याचा हात दिसत नव्हता.

“अगं बाई, हात दिसतच नाहीये याचा!” थोरल्यांची बायको म्हणाली.

हे वाक्य थोरल्यांना जिथे लागायचं तिथे लागलं. त्यांचा हात बायकोला बारा वर्षं अगदी स्वच्छ दिसत आला होता.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सासरे जागे होते. थोरले वाजवायला बसले की सासरे तिसऱ्या-चौथ्या ओळीला डोळे मिटत, आणि कडवं संपायच्या आत त्यांची मान छातीवर यायची. थोरले याला दाद समजत. बायको म्हणायची, मनाला शांत वाटतं बाबांना. आज सासरे पुढे सरकून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, डोळे टक्क उघडे ठेवून बसले होते आणि त्यांचा उजवा पाय हलत होता. बारा वर्षांत थोरल्यांनी तो पाय चालण्याखेरीज कशासाठीही हललेला पाहिला नव्हता.

टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांतच सासूबाईंनी जाहीर केलं, “पुढच्या महिन्यात आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत. हॉल-बिल काही नकोय. इथेच, आपण घरचे. मोठीने माझं ते गाणं म्हणायचं, बास.”

ते गाणं म्हणजे एक जुनं, संथ, सासूबाईंच्या तरुणपणातलं गाणं. थोरल्यांची बायको ते लहानपणापासून म्हणत आली होती, आणि लग्नानंतर त्याच्या साथीला दुसरं कुणी बसण्याचा प्रश्नच आला नव्हता.

“आणि साथीला कोण?” धाकटीने विचारलं, आणि विचारताना आपल्या नवऱ्याकडे पाहिलं.

“आता काय बाई, दोन-दोन जावई आहेत,” सासूबाई म्हणाल्या. “तिला ज्याची बरी वाटेल त्याची घेईल ती.”

“बघू. परीक्षाच घेते दोघांची,” बायको हसत म्हणाली.

सगळे हसले. साडू तर मनापासून हसला आणि म्हणाला, “दादांपुढे माझं काय चालणार!” थोरलेही हसले.

परत येताना स्कूटरवर त्यांनी विचारलं, “मी हळू वाजवतो का गं?”

“काय?” बायको हेल्मेटमधून ओरडली.

“मी हळू वाजवतो का?”

“हळू कुठे? बरोबर वाजवतोस.”

“बरोबर म्हणजे?”

“बरोबर म्हणजे बरोबर. समोर बघ, सिग्नल!”

बरोबर! दाराची बिजागरी बरोबर असते. भाजीतलं मीठ बरोबर असतं. साडूला कुणी बरोबर म्हणत नाही, साडूला ‘कसला भारी!’ म्हणतात. घरी पोहोचेपर्यंत थोरल्यांनी ठरवून टाकलं होतं की वेग वाढवायचा.

मात्र थोरले सरकारी असले तरी शास्त्रशुद्ध माणूस होते. आधी मोजमाप. धाकटीने घरच्या ग्रुपवर साडूचा व्हिडिओ टाकला होता. त्याखाली पाच बदाम होते आणि त्यांतला एक बायकोचा होता, याची त्यांनी दोनदा खात्री करून घेतली. मग फोनवर मेट्रोनोम उतरवून घेतला. हे एक टिकटिक करणारं यंत्र असतं, आपण सांगू त्या वेगाने ते न थकता आणि न लाजता टिकटिक करत राहतं. त्याच्याशी ताडून पाहता साडूचा वेग निघाला मिनिटाला एकशे अठ्ठेचाळीस ठोके. थोरल्यांचा, सगळी अब्रू पणाला लावून, शंभर. त्यापुढे त्यांचा हात ओल्या कपड्यासारखा नुसता फडफडत होता.

आता प्रश्न होता प्रमाणाचा. ऑफिसातून आल्यावर सरावाला चाळीस मिनिटं मिळत. त्यांतली वेगाला किती द्यायची? थोरल्यांनी कचेरीत त्यांच्या हाताखालच्या तपासनिसाला, तो कॉलेजात कधीतरी ड्रम वाजवायचा म्हणून, सहज विचारल्यासारखं करून विचारलं.

“सर, निम्मा वेळ वेगाला, निम्मा सफाईला,” तो म्हणाला. “आधी हळू, एकसारखं, मग थोडं थोडं वाढवत—”

“निम्मा?” थोरले म्हणाले. “तो रोज पुढे पळतोय, आणि मी निम्मा?”

“तो कोण, सर?”

“कुणी नाही. त्या मॉलच्या लिफ्टचे कागद आण.”

चाळीसची चाळीस मिनिटं वेगाला, असा निर्णय झाला.

पहिला अडथळा आला तो पायामुळे. वेगात वाजवताना ताल सुटू नये म्हणून थोरले पाय आपटत. संथ वाजवताना त्या पायाचा कुणाला त्रास नव्हता. पण आता पाय मिनिटाला एकशे दहा वेळा पडू लागला, आणि चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे काका वर आले. हे काका बँकेतून निवृत्त झालेले आणि इमारतीच्या कमिटीचे अध्यक्ष. त्यामुळे तक्रार त्यांनीच केली, दाखलही त्यांनीच करून घेतली आणि तिची दखलही त्यांनीच घेतली.

“काय हो, फरशी काढताय?”

“नाही काका. सराव करतोय. गिटारचा.”

“गिटार पायाने वाजवतात?”

थोरल्यांनी सगळं समजावून सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “हे बघा, नियमात वाद्य हा प्रकारच नाहीये. ठोकाठोकीला नियम आहे. दुरुस्तीची ठोकाठोक, सकाळी अकरा ते एक, संध्याकाळी चार ते सहा. तुम्ही दुरुस्तीचा अर्ज करा.”

“पण दुरुस्ती कसली?”

“ते तुम्ही ठरवा. संडास-बाथरूम असेल तर लगेच होतं.”

चार ते सहा थोरले कुठल्या ना कुठल्या इमारतीच्या गच्चीवर दोर तपासत असत, तरी त्यांनी शनिवार-रविवारसाठी अर्ज केला. काम या रकान्यात ‘किरकोळ’ असं लिहिलं. परवानगी आली, आणि तिच्याबरोबर अट आली की कामाचं सामान लिफ्टमधून न नेता जिन्याने न्यावं. त्यानंतर गिटार घेऊन बाहेर जाताना इमारतीतला एकमेव लिफ्ट तपासनीस चार मजले जिन्याने उतरू लागला. वरून काका विचारत, “राडारोडा जिन्यात पडला नाही ना?”

अशा स्थितीत त्यांना लिफ्टच्या मशीनची खोली आठवली. गच्चीवर, सगळ्यांच्या डोक्यावर एक लहानशी खोली. आत मोटर, दोरांचं मोठं चाक, भिंतीवर सूचना आणि एका कोपऱ्यात गव्हर्नर. गव्हर्नर म्हणजे लिफ्टचा पहारेकरी. लिफ्ट ठरलेल्या वेगाच्या पुढे गेली की हे चाक दोर पकडतं आणि लिफ्टला जागच्या जागी अडकवून टाकतं. खोलीची किल्ली जाणकार म्हणून कमिटीने थोरल्यांकडेच ठेवली होती. तिथे खाली राहणारे कुणी नव्हते, आणि पाय कितीही आपटला तरी तो मोटरच्या घरघरीत बुडून जाणार होता. इतकी वर्षं ही खोली आपल्याला सुचली नाही याचं त्यांना नवल वाटलं.

रोज संध्याकाळी थोरले स्टूल घेऊन वर जाऊ लागले. एकशे दहा, एकशे वीस, एकशे अठ्ठावीस. मनगट लाकडासारखं झालं. अंगठ्याला पट्टी बांधावी लागली. जेवताना डाव्या हातात चमचा धरावा लागे. बायको विचारी, “हाताला काय झालं?” तर ते म्हणत, “कामावर लिफ्टचं दार लागलं.” प्रत्येक वेळी वेगळ्या इमारतीचं दार लागे, आणि बायको फक्त “हं” म्हणे.

एक गोष्ट मात्र त्यांना कळेना. इमारतीत लोक त्यांच्याशी वेगळंच बोलू लागले होते.

दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरबाई लिफ्टमध्ये भेटल्या. “मनगट आवळू नका हो,” त्या म्हणाल्या. “दात काढताना मीसुद्धा हात सैल ठेवते. जोर केला की तुकडा पडतो.”

“कसलं मनगट?” थोरल्यांनी विचारलं. तोवर बाईंचा मजला आला.

समोरच्या घरातल्या मावशी म्हणाल्या, “काल शेवटी शेवटी फारच घाई झाली तुमची. गॅसवर काही ठेवून गेला होतात का?”

आणि काका जिन्यात थांबवून म्हणाले, “कालच्यापेक्षा परवाचं बरं होतं. काल तुम्ही कुणाच्या तरी मागे लागल्यासारखं वाटत होतं.”

तेव्हा थोरल्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि हा प्रकाश पडायला लिफ्ट तपासनिसाला बारा दिवस लागले. मशीनच्या खोलीच्या जमिनीत दोर खाली सोडायला भोकं असतात. त्या भोकांखाली लिफ्टचा अख्खा बोगदा असतो, तळमजल्यापर्यंत, आणि त्या बोगद्याचं एक दार प्रत्येक मजल्यावर उघडतं. थोरले बारा दिवस इमारतीच्या नरसाळ्यात वाजवत होते. प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक घराच्या दाराशी, त्यांची प्रत्येक चूक ताजी ताजी पोहोचत होती.

“तुलाही ऐकू येत होतं?” त्यांनी घरी येऊन बायकोला विचारलं.

“पहिल्या दिवसापासून.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू दारात हात सापडला म्हणालास ना. म्हटलं, सांगेल तेव्हा सांगेल.” तिने अंगठ्याच्या पट्टीकडे पाहिलं. “कशासाठी चाललंय रे हे सगळं?”

थोरल्यांना खरं उत्तर एका शब्दात देता आलं असतं. त्यांनी चार वाक्यांत दुसरंच दिलं. व्यायाम, रक्ताभिसरण, वाढतं वय असं काहीबाही.

“शनिवारी साडेसहाला तो येतोय तालमीला,” बायको म्हणाली. “तूही बस. दोघांबरोबर एकेकदा म्हणून बघते गाणं. आईचा आज फोन होता. बाबांचा हल्ली रविवारी दुपारी डोळाच लागत नाही म्हणे. धाकटे जावई वाजवून गेले की संध्याकाळपर्यंत पाय हलवत बसतात.”

थोरल्यांना यातलं एकच ऐकू आलं. शनिवार, साडेसहा, परीक्षा.

शनिवारी सहा वाजता ते वर गेले. आता सगळी इमारत ऐकते आहे तर ऐकू दे, या विचारापर्यंत ते आले होते. एकशे चाळीस झाले होते. साडू दारात यायच्या आत एकदा, एकदाच, एकशे पन्नास गाठायचे होते. साडूच्या वर दोन. त्यांनी मेट्रोनोम लावला, पाय रोवला आणि सुरुवात केली.

आणि काय सांगावं, हात पळाला! खरंच पळाला. थोरल्यांना स्वतःचाच हात दिसेना. आनंदाने त्यांच्या बोटांना घाम आला आणि बोटांत धरलेली प्लास्टिकची पत्ती, जिने तारा छेडतात ती, सुटली. भिंतीवर आपटली, उसळली आणि कोपऱ्यातल्या गव्हर्नरच्या चाकात जाऊन बसली.

कड्कन आवाज झाला. मोटर थांबली. खोलीत शांतता पसरली, आणि त्या शांततेत मेट्रोनोम एकटाच टिकटिक करत राहिला.

गव्हर्नरने आपलं काम चोख केलं होतं. त्याला वाटलं, वेगाची मर्यादा कुणीतरी ओलांडली. ती लिफ्टने ओलांडली नव्हती.

जमिनीतल्या भोकातून, खोल खालून, एक ओळखीचा आवाज आला.

“दादा? तुम्ही वर आहात का?”

थोरल्यांनी डोळे मिटले.

“तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये अडकलोय बहुतेक,” साडू अगदी मजेत म्हणाला. “काय करायचं?”

“वाट बघ!” थोरले भोकात ओरडले.

कायद्याने खरं तर हेच होतं. गव्हर्नरने लिफ्ट अडकवल्यावर तपासणी झाल्याशिवाय मोटर चालू करता येत नाही, आणि तपासनीस त्याच इमारतीत राहणारा असेल तर त्याला स्वतःच्या इमारतीची तपासणी करता येत नाही. हा दुसरा नियम तीन वर्षांपूर्वी कचेरीत थोरल्यांनीच सुचवला होता आणि त्याबद्दल त्यांना शाबासकी मिळाली होती. आतल्या माणसाला मात्र हाताने चाक फिरवून बाहेर काढता येतं. त्याला दोन माणसं लागतात. एकाने ब्रेक सोडवणारा दांडा दाबायचा, दुसऱ्याने चाक धरायचं. थोरले दुसरा माणूस आणायला दाराकडे वळले, तोच धापा टाकत काकाच आत आले.

“सांगा, काय धरू?”

इतक्यात खालून गिटार वाजू लागली.

साडूला कंटाळा आला होता. अडकलेल्या लिफ्टमध्ये त्याने गिटार बाहेर काढली आणि तो वाजवायला बसला. आणि तो बोगदा, ज्याने बारा दिवस थोरल्यांची लाज वेशीला टांगली होती, त्याने साडूची गिटार मंदिराच्या गाभाऱ्यात वाजावी तशी घुमवली. मजल्यामजल्यावर दारं उघडल्याचे आवाज आले. “कोण वाजवतंय हो?” “पाहुणे आहेत.” “तरीच!” हे ‘तरीच’ दातांच्या डॉक्टरबाईंचं होतं. थोरल्यांनी आवाज ओळखला.

मग चौथ्या मजल्यावरून, लिफ्टच्या बंद दाराला तोंड लावून, त्यांची बायको गाऊ लागली.

तेच गाणं. सासूबाईंचं. दार मध्ये, साडू आत, बायको बाहेर, सगळी इमारत जिन्यात, आणि नवरा गच्चीवर ग्रीसने माखलेल्या चाकाशी. थोरल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढ्या आयुष्यात त्यांनी शेकडो लिफ्टी सोडवल्या होत्या, पण एखादी लिफ्ट आणखी थोडा वेळ अडकून राहावी, असं त्यांना पहिल्यांदाच मनापासून वाटलं. पण मग तो आणखी थोडा वेळ वाजवणार!

“काका, धरा दांडा. मी सोडा म्हटलं की दाबायचा, धरा म्हटलं की लगेच सोडून द्यायचा.”

“म्हणजे सोडा म्हटलं की धरू?”

“नको. माझ्या पायाकडे बघा. पाय पडला की दाबा, उचलला की सोडा.”

एकट्या माणसाची हलकी लिफ्ट दोराच्या पलीकडच्या टोकाला टांगलेल्या वजनाने आपोआप वर ओढली जाते. तिला सोडून दिली तर ती सुसाट जाईल. म्हणून चाक दोन्ही हातांनी आवळून धरायचं, ब्रेक सुटला की एक वीत जाऊ द्यायची, लगेच ब्रेक, पुन्हा एक वीत. घाई चालत नाही. थोरल्यांनी पाय आपटला. ठक्, ब्रेक सुटला. पाय उचलला. ठक्, ब्रेक लागला.

खाली गाणं चाललं होतं आणि बिघडत होतं. दुसऱ्या ओळीपासूनच साडू पुढे पळू लागला. त्याचा दोष नव्हता, हात तयार होता, तो पळणारच. बायको मागून धावत होती, शब्द गिळत होती. “अरे, हळू… अरे, श्वास तर घेऊ दे मला!”

“हो हो, सॉरी ताई,” साडू म्हणाला, आणि चार ठोके हळू होऊन पुन्हा पळाला.

थोरल्यांचं तिकडे लक्ष होतं आणि नव्हतं. हातात चाक होतं, चाकाच्या दुसऱ्या टोकाला साडू होता. पण बायको ते गाणं म्हणायला लागली की त्यांचा पाय गेली बारा वर्षं एकाच चालीने पडत आला होता, आणि तो तसाच पडू लागला. पाय खाली, ठक्. पाय वर, ठक्. काका डोळे बारीक करून पायाकडे बघत होते. ज्या पायाविरुद्ध त्यांनी तक्रार केली होती, त्या पायाचा हुकूम ते आता निमूट पाळत होते.

ठक्… ठक्… बोगद्यातून तो आवाज खाली गेला.

“तो वरचा ठोका ऐकू येतोय का?” बायको दारातून म्हणाली. “तो धर. त्याच्याबरोबर वाजव.”

साडूने धरला. धडपडत, दोनदा चुकत, पण धरला. गाणं एकदम जागेवर आलं. बायकोने लांब श्वास घेतला, तो गच्चीपर्यंत ऐकू आला, आणि मग तिसरं कडवं तिने असं म्हटलं की जिन्यातली कुजबूज थांबली. लिफ्ट एकेक वीत वर येत राहिली. शेवटच्या ओळीला ती चौथ्या मजल्याला लागली, दार उघडलं आणि टाळ्या पडल्या. टाळ्या अर्थातच दारातून बाहेर आलेल्या साडूला मिळाल्या.

थोरले खाली आले तेव्हा साडू घोळक्यात उभा होता. त्यांना पाहून तो पुढे आला. “दादा, वर तुम्ही होतात? मला इतकं हळू आणि इतकं एकसारखं जमतच नाही हो. मला शिकवाल?”

हळू! चारचौघांत, दातांच्या डॉक्टरबाईंसमोर, हळू!

“बघू,” थोरले म्हणाले.

लिफ्ट चार दिवस बंद राहिली. पाचव्या दिवशी कचेरीतून त्यांच्याच हाताखालचा तपासनीस आला, त्याने चाकातून पत्ती चिमट्याने काढली आणि पेन उघडून अदबीने विचारलं, “सर, कारण काय लिहू?”

“बाहेरची वस्तू.”

“वाद्याचा भाग, असं लिहू?”

“प्लास्टिक लिही, प्लास्टिक.”

“सर,” लिहिता लिहिता तो म्हणाला, “निम्मा-निम्मा केला असतात तर…”

“सही कर आणि नीघ.”

पण साडू गेल्यावर त्याच शनिवारी स्वयंपाकघरात जे झालं ते आधी सांगायला हवं. बायको भांडी लावत होती. थोरले हाताचं ग्रीस धूत होते.

“तू वाजव आईकडे,” ती म्हणाली.

“का? तो अडकला म्हणून?”

“नाही रे.”

“मग माझी परीक्षा कुठे घेतलीस? मी तर वाजवलंच नाही आज.”

“वाजवलंस की. बारा दिवस ऐकतेय तुला, मला घरात बसून दम लागत होता. आज चाक फिरवत होतास ते बरं वाजवलंस.” तिने पातेलं पालथं घातलं. “मी खाली दाराशी उभी होते, आणि वाटलं, हा पाय आपल्या घरातला आहे.”

थोरल्यांनी हाताला पुन्हा साबण लावला.

“त्याचा हात मात्र कसला पळतो ना!” बायको म्हणाली.

“पळतो,” थोरले म्हणाले, आणि नळ जोरात सोडला.

सरावाचं नवं प्रमाण ठरलं. चाळीस मिनिटांतली पस्तीस संथ, मेट्रोनोम बहात्तरवर, पाय उशीवर. उरलेली पाच वेगाला, दार लावून. ती पाच मिनिटं बायकोने सोडायला सांगितली होती, पण त्या पाच मिनिटांचा विषय साडू होता आणि तो सुटण्यासारखा नव्हता.

लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला सासऱ्यांच्या दिवाणखान्यात पुन्हा सहा माणसं जमली. बिनहाताच्या खुर्चीत साडू बसला होता. थोरले आत येताच तो उठला आणि खुर्ची पुसून म्हणाला, “दादा, बसा.”

“किती समजूतदार आहे नाही!” सासूबाई म्हणाल्या, आणि थोरल्यांनी पुसलेली खुर्ची पुन्हा पुसली.

पण बायकोने गाणं सुरू केलं आणि पाय आपोआप पडू लागला. साडू स्टुलावर बसून, ओठ आवळून, त्या पायाकडे बघत होता. धाकटी कोपऱ्यातून व्हिडिओ घेत होती. गाण्यानंतर साडूने त्याचं एक वेगवान वाजवलं, सगळ्यांनी खूप टाळ्या दिल्या, आणि “हात दिसतच नाही!” हे वाक्य पुन्हा म्हटलं गेलं.

घरी आल्यावर थोरल्यांनी तो व्हिडिओ उघडला आणि कचेरीतलं स्टॉपवॉच काढलं. पहिल्या कडव्याला मिनिटाला बहात्तर ठोके. शेवटच्या कडव्याला बहात्तर. सासरे एक मिनिट चाळीस सेकंदांनी झोपले.